झोंबी मालिकेच्या नव्या शाखेचा पहिला भाग कसा पाहावा आणि त्याविषयी मत कसे बनवावे

झोंबींच्या, म्हणजे मेल्यावरही चालत्या-फिरत्या मृतदेहांच्या, गाजलेल्या मालिकेतून दुसरी मालिका निघाली की तिचा पहिला भाग संपता संपताच ‘फार संथ आहे’ किंवा ‘मूळ मालिकेची सर नाही’ असा शेरा मारला जातो. तो चुकीचाच असतो असे नाही, परंतु पुष्कळदा तो समोर पाहिलेल्या भागाविषयी नसून आपल्या मनातल्या मूळ मालिकेविषयी असतो. प्रामाणिक मत बनवायचे असेल तर थोडी तयारी करावी लागते. त्यासाठी ‘फिअर द वॉकिंग डेड’चा पहिला भाग हे मला सर्वांत उपयुक्त उदाहरण वाटते. पुढे त्यातील काही प्रसंगांचा उल्लेख येईल, शेवटचा प्रसंग मात्र मी सांगणार नाही.

भाग सुरू करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे : मूळ मालिकेने काय दाखवायचे टाळले होते? ‘द वॉकिंग डेड’ 31 ऑक्टोबर 2010 रोजी सुरू झाली, तेव्हा तिचा नायक रिक ग्राइम्स रुग्णालयात बेशुद्धावस्थेतून जागा होतो आणि तोवर जग कोसळून गेलेले असते. ते कसे कोसळले, पहिल्या दिवसांत माणसे काय समजत होती, हे प्रेक्षकाला दिसतच नाही. 23 ऑगस्ट 2015 रोजी आलेल्या नव्या मालिकेने नेमकी हीच मोकळी जागा उचलली आणि कथा लॉस एंजेलिसमध्ये नेली. हे ध्यानात असले की भागात मृतदेह किती चालले, हे मोजण्याची गरज उरत नाही. शहर अजून रोजच्यासारखे चालू असताना अनिष्टाची चाहूल कितपत लागते, हे पाहायचे असते.

पहिल्यांदा भाग मध्ये न थांबता पाहावा आणि कागदावर एकाच प्रकारची नोंद करावी : जे आपल्याला ठाऊक आहे पण पात्राला ठाऊक नाही, असे क्षण. शाळेत बरीच मुले गैरहजर असतात आणि मोठी माणसे तापाच्या साथीकडे बोट दाखवतात. टोबायस नावाचा विद्यार्थी भीतीने सुरी घेऊन येतो आणि समुपदेशक मॅडिसन क्लार्क त्याला समजावते. आपण मात्र त्या मुलाच्याच बाजूने असतो, कारण त्याची भीती खरी आहे हे आपल्याला मूळ मालिकेने आधीच सांगितलेले असते. अशा प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळी आपल्याला धास्ती वाटली की कंटाळा आला, हे एका शब्दात लिहावे. धास्तीच्या नोंदी अधिक निघाल्या तर तो संथपणा कामी आला, असे म्हणता येते. कंटाळ्याच्या अधिक निघाल्या तर ‘संथ’ ही तक्रार साधार ठरते आणि ती नेमक्या कोणत्या प्रसंगाविषयी आहे, हेही दाखवता येते.

त्यानंतर माणसांकडे वळावे, कारण मृतांचे रूप आपण वर्षानुवर्षे पाहिलेले असते, माणसे मात्र नवी असतात. माझ्या मते या भागाचे खरे बळ मॅडिसनचा मुलगा निक याच्यात आहे. तो हेरॉइनच्या आहारी गेलेला आहे. एका ओसाड चर्चमध्ये जाग आल्यावर तो जे पाहतो त्यावर घरचे विश्वास ठेवत नाहीत, आणि आपले डोके ठिकाणावर आहे की नाही, याची त्याला स्वतःलाही खात्री नसते. संकटाचा पहिला साक्षीदार असा निवडल्यामुळे घरच्यांचा अविश्वास पटतो, त्यांना मूर्ख ठरवावे लागत नाही. फ्रँक डिलेनने ही भूमिका फार जीव ओतून केली आहे. त्या मानाने बहीण अलिशाच्या वाट्याला या भागात फारसे काही येत नाही. मॅडिसनचा जोडीदार ट्रॅव्हिस हा शिक्षक आहे. तो वर्गात जॅक लंडनची माणूस आणि निसर्ग यांच्या झगड्याची कथा शिकवतो, तो प्रसंग मला गरजेपेक्षा अधिक सूचक वाटला.

प्रेक्षकसंख्येवरून दर्जा ठरवू नये. अमेरिकेत हा भाग सुमारे 1 कोटी 1 लाख लोकांनी पाहिला, परंतु त्यांतील बहुतेकांना मूळ मालिकेच्या ओढीने तिथे आणले असणार. ही मंडळी पुढे टिकतात का, हे नंतरच्या आठवड्यांतच कळते.

मत लिहिताना ते पहिल्या भागापुरतेच आहे, असे स्पष्ट म्हणावे. या मालिकेचा पहिला हंगाम अवघ्या 6 भागांचा होता, म्हणजे इथे कथेचा सहावा हिस्सा हाती असतो. इतरांची मते वाचण्याआधी आपला मजकूर पूर्ण करून त्यावर तारीख घालावी, आणि दुसऱ्या दिवशी फक्त सुरुवातीचा चर्चमधला प्रसंग, निक धावत रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडेपर्यंत, पुन्हा पाहावा. या खेपेला निककडे न पाहता त्याच्याभोवतीच्या, अजून काहीच न कळलेल्या शहराकडे पाहावे आणि मग आपल्या मजकुरातील कोणते वाक्य बदलावेसे वाटते ते तपासावे.