पुण्यातल्या नदीवर-नाल्यावर खंड्या कसा बघायचा

पुण्यात पाणपक्षी बघायचे म्हटलं की लोक डायरेक्ट भिगवणला गाडी काढतात. शंभरेक किलोमीटर जायचं, होडीत बसायचं, फ्लेमिंगोचे फोटो काढायचे, मासे खायचे आणि परत. काही वाईट नाही त्यात, मी पण जातो. पण खंड्या, म्हणजे किंगफिशर, बघायला एवढं लांब जायची खरंच गरज नाहीये, तो तुमच्या ऑफिसच्या वाटेवरच्या पुलाखाली बसलेला असतो आणि तुम्ही वर सिग्नलला हॉर्न वाजवत असता.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पक्षी शोधायचा नाही, त्याची बसायची जागा शोधायची. खंड्या दिवसातला बराच वेळ नुसता बसून असतो आणि त्याच्या बैठका ठरलेल्या असतात, तीच वायर, तीच फांदी, तोच पाइप. एकदा बैठक सापडली की आज ना उद्या तो तिथे येतोच. बैठक ओळखायची कशी, तर पाण्यावर एक-दोन मीटर ते फार तर इलेक्ट्रिकच्या वायरएवढी उंची, समोर मोकळं पाणी किंवा मोकळं गवत, आणि खाली दगडावर नाहीतर भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ. शहरात याच्यासाठी झाडच हवं असं अजिबात नाही. नाल्यावरून आडवा गेलेला ड्रेनेजचा पाइप, रिटेनिंग वॉलमधून बाहेर राहिलेली सळई, केबलवाल्यांनी लोंबकळत सोडलेल्या वायरी, मुठेच्या पात्रात ते ड्रेनेजचे काँक्रीटचे चेंबर उभे आहेत ना ते, हे सगळं त्यांना चालतं. चेंबरवर तर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले जवळजवळ रोज दिसतात, त्यांचे पंख पाण्यात भिजतात म्हणून.

आता खंड्या म्हणजे एकच नाही, आपल्याकडे शहरात तीन सहज दिसतात.

पहिला नेहमीचा खंड्या, चॉकलेटी डोकं, पांढरीशुभ्र छाती, निळी पाठ आणि ती भलीमोठी लाल चोच. साळुंकीपेक्षा थोडा मोठा. हा उडाला की पंखात पांढरा पट्टा चमकतो आणि उडताना खिदळल्यासारखा ओरडतो, एकदा आवाज ओळखीचा झाला की सोसायटीच्या गच्चीवरूनही कळतं की हा इथेच कुठेतरी आहे. महत्त्वाचं म्हणजे याला माशांची फारशी पडलेली नसते. नाकतोडे, सरडे, खेकडे, बेडूक, काहीही चालतं, त्यामुळे अगदी काळ्या पाण्याच्या नाल्यावर, मैदानात, बागेत, टेकडीवरच्या खाणीपाशी सुद्धा हा दिसतो. सुरुवात यानेच करा.

दुसरा छोटा खंड्या, चिमणीपेक्षा जेमतेम मोठा, पोट नारिंगी, पाठ झगझगीत निळी. हा दिसतो कमी आणि निसटतो जास्त, पाण्याला चिकटून एक निळी रेघ सुसाट जाते आणि बारीक तीक्ष्ण 'ची' असा आवाज येतो, बास. नवीन माणसाला वाटतं भास झाला. तो आवाज आला की मान वर करू नका, पाण्याच्या लेव्हलला बघा, आणि तो जिकडे गेला तिकडे पळत जाऊ नका, आहात तिथेच थांबा कारण बऱ्याचदा तो थोड्या वेळाने त्याच वाटेने परत येतो. याच्यात नर-मादी ओळखणं सोपं आहे, नराची चोच पूर्ण काळी, मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी-लालसर.

तिसरा कवड्या. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. हा माझा सगळ्यात आवडता, कारण हा एकटाच असा आहे जो तुम्हाला शोधत बसायला लावत नाही. पाण्यावर हवेत एकाच जागी फडफडत थांबतो, चोच खाली रोखलेली, आणि मग दगडासारखा धपकन खाली. छोटा मासा असेल तर उडता उडताच गिळतो, बैठकीवर जायची पण गरज नाही. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच आणि तोही मध्ये तुटलेला.

छोटा आणि कवड्या दोघांचं पोट माशांवर चालतं आणि मासा वरून दिसला तरच पकडता येतो. त्यामुळे पाणी बघूनच अंदाज येतो की इथे कोण भेटेल. काळं, फेसाळ, वास मारणारं पाणी असेल तर नेहमीचा खंड्या, शेकाटे आणि धोबी पक्षी. शेकाटे म्हणजे ते लांबलचक गुलाबी पायांचे काळे-पांढरे पक्षी, घाण पाण्यातल्या किड्यांवर त्यांची चंगळ असते, म्हणून नदीत शेकाट्यांचा थवा बघून 'वा, नदी किती जिवंत' असं म्हणू नका. पाण्यात तळ दिसतोय, बारीक मासे फिरतायत, तर छोट्याची वाट बघा. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे पण त्याला चालतात.

कुठे जायचं? पाषाण तलाव सुरुवातीला बेस्ट. रामनदीवरचा जुना तलाव आहे, बांधावरून चालायला वाट आहे, जलपर्णी वाढलेली असली तरी जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, टिबुकल्या, हळदीकुंकू बदकं असे बरेच पक्षी एका जागी मिळतात आणि खंड्या तर आहेतच. तिथे सरावलात की रामनदी धरून खाली बाणेर-औंधकडे बघा, छोटे पूल भरपूर आहेत. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे उद्यान ही जपानी धर्तीची बाग आहे, तिथे वाहतं पाणी आणि मासे दोन्ही आहेत, म्हणजे काठावर वंचक (बगळ्यांतला एक मातकट पक्षी) बघायला मिळण्याचे चान्स चांगले. शहरातल्या शहरात मुठेवरचा कुठलाही जुना पूल घ्या. आणि खरी मेजवानी पाहिजे असेल तर थंडीत कवडीपाटला जा, सोलापूर रोडने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळायचं, नदीवर जुना बंधारा आहे. सगळ्या शहराचा प्लास्टिक कचरा तिथे येऊन अडकलेला असतो, फेस असतो, आणि त्याच्याच मध्ये चक्रवाक, चमचे, शराटी, नदी सुरय, कवड्या असे पक्षी. पहिल्यांदा बघताना आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची कळत नाही. पुण्याबाहेरच्यांनी नाराज होऊ नका, कोल्हापूरला रंकाळा आहे, नागपूरला फुटाळा आहे, पद्धत तीच.

वेळ. ऑक्टोबर ते मार्च उत्तम, कारण आपल्या इथल्या पक्ष्यांबरोबर पाहुणे पण येतात, थापट्या बदकं, चक्रवाक, पांढरा धोबी, आणि तुतवार, जो दगडावर उभा राहून सारखी शेपटी खालीवर करत असतो. सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत, नाहीतर संध्याकाळी शेवटचे दोन तास. संध्याकाळी अंधार पडताना नदीवर थांबलात तर 'क्वॉक' असा एकेक आवाज करत रातबगळे बाहेर पडताना दिसतात, दिवसभर ते नदीकाठच्या मोठ्या झाडांत मान आत घेऊन झोपलेले असतात आणि खालून माणसं जातात तर कोणाला पत्ता नसतो.

उभं कुठे राहायचं याला लोक काही किंमत देत नाहीत आणि मग म्हणतात खंड्या काळाच दिसला. त्याच्या पिसात निळा रंगच नसतो. पिसाच्या बारीक रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ते निळं दिसतं, त्यामुळे उजेड तुमच्या पाठीमागून पडला तरच ती चमक दिसणार, समोरून सूर्य असेल तर नुसती काळी आकृती. म्हणून सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा आणि पश्चिमेकडे बघा. मुठेवर याचा अर्थ सकाळी नारायण पेठेच्या बाजूला आणि संध्याकाळी डेक्कनच्या बाजूला, सोपं आहे. ढगाळ दिवशी रंगाची अपेक्षा ठेवू नका, हालचाली बघा.

आणि शक्यतो पुलावरच थांबा. पुलावरच्या माणसांची, बसची, हॉर्नची पक्ष्यांना सवय झालेली असते, ते ढिम्म हलत नाहीत. पण तुम्ही खाली पात्रात उतरून त्यांच्या दिशेने चालायला लागलात की पन्नास मीटरवरून उडतात, त्यात टिटवीने बघितलं तर ती आरडाओरडा करून अख्ख्या नदीला सांगते. उतरायचंच असेल तर सरळ रेषेत जाऊ नका, तिरकं तिरकं, मध्ये थांबत, त्यांच्याकडे टक लावून न बघता. भडक रंगाचे टीशर्ट नको. एका जागी अर्धा-पाऊण तास बसायची तयारी पाहिजे, पहिली दहा मिनिटं काहीच नसतं, मग हळूहळू चिखलाचा एक गोळा चालायला लागतो आणि कळतं की तो वंचक होता. हा प्राणी बसला की मातकट आणि उडाला की पांढराफटक.

पांढऱ्या बगळ्यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पटकन सांगायचं तर काळी चोच आणि पिवळे पंजे म्हणजे लहान बगळा, पिवळी चोच आणि बुटका, म्हशींच्या मागे फिरणारा म्हणजे गायबगळा. बाकीचे पुढे आपोआप जमतात.

सामान फार लागत नाही. बायनॉक्युलर ८×४० किंवा ८×४२ घ्या, रस्त्यावर आणि ऑनलाइन ते वीस-तीस पट झूमवाले मिळतात ते मुळीच नको, हात हलला की सगळंच हलतं. वापरताना ट्रिक एकच, नजर पक्ष्यावरून न काढता बायनॉक्युलर डोळ्यापाशी आणायची, खाली बघून लावायला गेलात की पक्षी गेला. मोबाईलमध्ये मर्लिन ॲप टाका, आवाजावरून ओळखायला मदत होते, पण ट्रॅफिकमध्ये ते काहीही सांगतं, त्यामुळे डोळ्यांनी खात्री करा. त्यावर पक्ष्याचे आवाज वाजवून त्याला बोलवायचा प्रकार कृपया करू नका, त्याला वाटतं दुसरा कोणीतरी त्याच्या हद्दीत घुसलाय आणि तो बिचारा कामधंदा सोडून शोधत बसतो. नोंदी ठेवायच्या असतील तर ई-बर्ड फुकट आहे. कॅमेरावाल्यांनी उडत्या खंड्यासाठी शटर हजारच्या वर ठेवा, बसलेल्याला पाचशे पुरतं.

घरट्यांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. खंड्या झाडावर घरटं करत नाही, मातीच्या उभ्या काठात आडवं बीळ खणतो. फेब्रुवारीपासून नेहमीचा खंड्या झाडाच्या किंवा बिल्डिंगच्या शेंड्यावर बसून जोरजोरात शीळ घालायला लागतो, तेव्हा समजायचं सीझन सुरू. पावसाळ्यापर्यंत चालतं. काठावर मुठीएवढं भोक आणि त्याखाली पांढरे ओघळ दिसले तर तिथून लांब व्हा. अजून एक खूण लक्षात ठेवा, स्वतःसाठी मासा पकडला की खंड्या तो फांदीवर आपटून, डोकं आपल्या घशाकडे करून गिळून टाकतो. पण माशाचं डोकं चोचीच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि तो गिळत नाहीये, नुसता बसून इकडेतिकडे बघतोय, म्हणजे तो मासा दुसऱ्या कोणासाठी तरी आहे, बहुतेक पिल्लांसाठी, आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. लगेच मागे सरका, फोटो राहू द्या.

म्हणूनच नदीचा काठ दगड-काँक्रीटने चकाचक बांधला की माझ्या पोटात गोळा येतो. फिरायला ट्रॅक छान होतो, मान्य, पण बीळ खणायला माती कुठे राहते? तुमच्या भागात मातीचा उभा काठ शिल्लक असेल तर त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, वॉर्डात कधी विषय निघाला तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

शेवटी जपायच्या गोष्टी. पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही म्हणजे नाही, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो. गवतात बूट घालूनच, घोणस असते. फुल बाह्यांचा शर्ट, ओडोमॉस, आणि नाल्यावर वास सहन होत नसेल तर मास्क. एकटे जाऊ नका, निदान सुरुवातीला, भटकी कुत्री असतात आणि काही जागा सामसूम असतात. आणि घरी आल्यावर बूट दाराबाहेरच काढा, तो नदीचा चिखल एकदा हॉलमध्ये आला की पुढच्या रविवारी घरचे सोडतील याची गॅरंटी नाही.