वृत्तपत्राविरुद्ध तक्रार : पहिले पत्र संपादकालाच

आपल्याविषयी चुकीची बातमी छापून आली, तर वकील गाठण्याआधी त्या दिवशीचा संपूर्ण अंक जपून ठेवावा. शहर आणि ग्रामीण आवृत्त्यांतील मजकूर अनेकदा वेगळा असतो. कोल्हापूर शहरात राजारामपुरीत वाचलेली बातमी त्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला पोहोचलेल्या अंकात असेलच असे नाही. म्हणून आवृत्ती, तारीख, पान आणि मथळा टिपून ठेवावा. संपादकाचे नाव व पत्ता अंकातच, सहसा एखाद्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात, सापडतो.

त्यानंतर संपादकाला पत्र लिहावे. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार तिच्याकडे तक्रार करण्याआधी ही पायरी आवश्यक आहे आणि माझ्या मते पुढचे सारे याच पत्रावर अवलंबून राहते. ‘आमची बदनामी झाली’ एवढ्याने काही साधत नाही. समजा, गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने अपहार केल्याचे छापले आहे आणि प्रत्यक्षात लेखापरीक्षकाने केवळ पावत्या अपुऱ्या असल्याचा शेरा मारला आहे. तर चुकीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून त्याखाली तो शेरा द्यावा, अहवालाची प्रत जोडावी आणि दुरुस्ती हवी की खुलासा, हे स्पष्ट मागावे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी.

उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर दिल्लीतील कौन्सिलकडे तक्रार करावी. मुदत दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून 2 महिने, इतर नियतकालिकांसाठी 4 महिने असते, त्यामुळे संपादकाच्या उत्तराची वाट पाहत फार दिवस दवडू नयेत. सोबत कात्रण, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि याच विषयावर न्यायालयात प्रकरण प्रलंबित नसल्याचे प्रतिज्ञापन जोडावे. खटला चालू असेल, तर कौन्सिल चौकशी करत नाही.

1978 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या कौन्सिलच्या 28 सदस्यांपैकी 20 जण वृत्तपत्रसृष्टीतलेच असतात. ‘आपलेच लोक आपल्यांना काय बोलणार?’ हा संशय स्वाभाविक असला, तरी स्वनियमनाचा अर्थच तो आहे. कौन्सिल संपादकाकडून खुलासा मागवते, सुनावणी घेते आणि दोष आढळल्यास ताकीद देते, कानउघाडणी करते किंवा निषेध नोंदवते. चौकशीचा तपशील छापण्यासही ती वृत्तपत्राला सांगू शकते. दंड किंवा नुकसानभरपाई मात्र तिच्या हाती नाही. भरपाई हवी असणाऱ्याने दिवाणी न्यायालयाचाच विचार करावा. दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या तक्रारीही येथे चालत नाहीत.