करंगळी बधिर होतेय? ग्लोव्हज बदलण्याआधी हे बघा

तासाभराच्या सायकल राइडनंतर करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला, मनगटालगत, अल्नर नर्व्ह (करंगळी-अनामिकेकडे जाणारी नस) दाबली जातेय. जाड जेलचे ग्लोव्हज हा त्यावरचा उपाय नाही. जाड गादीमुळे हँडल पकडायला जास्त जोर लागतो, गादीची घडी नेमकी त्याच जागी रुतते. माझ्या अनुभवात २-३ मिमीचं घट्ट फोम पॅडिंग पुरतं. मात्र आधी सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर अंगाचा भार हातांवरच येतो आणि कुठलेही ग्लोव्हज कामाचे नाहीत.

माप अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती टेप गुंडाळून घ्या. घालून मूठ वळा: बोटांच्या बेचक्यात ताण नको, तळव्यावर चुणी नको.

उन्हाळ्यात जाळीदार पाठीचे अर्धबोटी. अंगठ्यावर टॉवेलसारखं कापड हवंच, घाम डोळ्यांत उतरतो तेव्हा तेच कामी येतं.

पावसाळ्यात वॉटरप्रूफच्या मागे लागू नका, आत घामाने हात भिजतोच. पातळ, पूर्णबोटी, बोटांच्या टोकांना सिलिकॉनची पकड असलेले घ्या. घाट उतरताना ओल्या ब्रेक लिव्हरवरून बोट सटकत नाही.

थंडीत पाठीला वारा अडवणारं कापड असलेले, किंचित सैल. घट्ट ग्लोव्हजमध्ये हवेचा थर राहत नाही, बोटं गारठतात.

धुताना वेल्क्रो बंद करा, साधा साबण, गार पाणी, आणि सावलीत वाळवा.