डार्क थीममध्ये एकच अ‍ॅप पांढरं?

लिनक्सवर डार्क थीम लावली तरी जीटीके २ वरचं (खिडक्या-बटणं काढणाऱ्या जुन्या टूलकिटवरचं) जुनं अ‍ॅप पांढरंफटक राहतं.

१. थीमच्या फोल्डरात ‘जीटीके-२.०’ (gtk-2.0) नावाचा उपफोल्डर आहे का बघा. नसेल तर थीम बदला, पर्याय नाही.
२. अ‍ॅप टर्मिनलमधून उघडा. ‘म्युरीन’ इंजिन (थीमचं रूप रंगवणारा जीटीके २ चा जोडभाग) सापडत नाही अशी तक्रार दिसली, तर म्युरीनचं पॅकेज टाका. बहुतेकदा घोडं इथेच अडतं.
३. एलएक्सअपिअरन्समध्ये (थीम निवडायच्या अ‍ॅपमध्ये) थीम निवडून अ‍ॅप पुन्हा सुरू करा.

स्वतःचे रंग-फॉन्ट होम फोल्डरातल्या ‘.जीटीकेआरसी-२.०’ (.gtkrc-2.0) या जीटीके २ च्या सेटिंग फाइलमध्ये लिहू नका. एलएक्सअपिअरन्स ती दरवेळी नव्याने लिहितं आणि तुमच्या ओळी उडतात. त्याच नावापुढे ‘.माइन’ (.mine) जोडून वेगळी फाइल करा, तिला ते हात लावत नाही.