बासची काठी घ्यायला निघालात? आधी गरी घ्या

टॅकलच्या, म्हणजे मासे गरवायच्या सामानाच्या दुकानात शिरलात की आधी दिसतात ती रिळं, काचेच्या कपाटात, सराफाकडे दागिने मांडावेत तशी. मग काठ्यांची रांग. मग रंगीबेरंगी आमिषांच्या भिंतीच्या भिंती. गऱ्या, शिसं आणि दोरी मात्र कुठेतरी मागच्या कोपऱ्यात. माणूस त्याच क्रमाने पैसे घालवतो. मीही घालवले. म्हणून टेक्ससात नव्याने आलेलं कुणी आपलं माणूस मला "बास मासा पकडायला काय काय घेऊ?" असं विचारतं, तेव्हा मी एकच सांगते: खरेदी उलट्या टोकाने करा. मासा ज्या टोकाला लागतो, तिथून. पाणी कसलं आहे, त्यात काय टाकणार, त्याचं वजन किती, ते पेलणारी दोरी कुठली, ती फेकणारी काठी कुठली. रीळ सगळ्यात शेवटी.

मी मूळची गुहागरकडची. आमचे आजोबा खाडीवर गरवायला जायचे तेव्हा त्यांचं सगळं सामान सदऱ्याच्या खिशात मावायचं. बांबूच्या तुकड्यावर गुंडाळलेली तंगुसाची दोरी, दोन गऱ्या, शिशाचा एक गोळा. आमिषाला कोलंबी, तीही आजीच्या नकळत घेतलेली. घाटावर ज्याला गळ म्हणतात ती आमची गरी. डॅलसच्या उत्तरेला राहायला आल्यावर, व्हिसावर नोकरीची परवानगी नसलेल्या त्या रिकाम्या वर्षात, मी घरामागच्या तळ्याकाठी परत गरवायला लागले. आता बारा वर्षं झाली.

आधी मासा ओळखून घ्या. इथे नुसतं 'बास' म्हटलं की बहुतेक वेळा लार्जमाउथ बास. आपल्याकडे रायगडात जिताडा आणि गोव्यात चोणक म्हणतात, हॉटेलात जो 'सीबास' म्हणून येतो, त्याच्याशी याचं नातं फक्त नावापुरतं. हा सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला. अंगाने हिरवट, बाजूला काळा पट्टा, आणि जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा. हा पाठलाग करत हिंडणारा मासा नव्हे, दबा धरून बसणारा आहे. बुडालेलं झाड, धक्क्याखालची सावली, शेवाळाची कड, अशा ठिकाणी बसतो आणि समोरून काही गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याला अडचणीची जागा आवडते, म्हणून आपलं आमिष अडचणीत न अडकता फिरलं पाहिजे. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते.

तर पहिली खरेदी: पाच इंची मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांचं एक पाकीट, ३/० नंबरच्या रुंद पोटाच्या, मानेशी मुरडलेल्या ऑफसेट गऱ्या, आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराची, आरपार भोक असलेली ३/१६ औंसांची शिसं. हे झालं 'टेक्सस रिग'. गऱ्यांच्या नंबरांनी घोळ होतो. नुसते आकडे वाढतात तशी गरी लहान होत जाते, पण आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य असलं की उलट, १/० पेक्षा ३/० मोठी. रंग दोनच घ्या. पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तर भोपळी हिरवा, इथे त्याला ग्रीन पम्पकिन म्हणतात. गढूळ असेल तर काळा-निळा. उत्तर टेक्ससातली आमची तळी पावसानंतर चहासारखी होतात, त्यामुळे काळं-निळं पाकीट आधी संपतं.

ओवायचं कसं ते सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शिशाचं निमुळतं टोक काठीच्या दिशेला राहील असं ते दोरीत ओवा आणि मग गरी बांधा. गांडुळाच्या डोक्यात गरीचं टोक सरळ आत घाला, अर्ध्या सेंटीमीटरवर बाजूने बाहेर काढा. गरी पुढे ओढत न्या, तिची मुरडलेली मान डोक्यात बसेपर्यंत. आता गरी अर्धी फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे येईल. गांडूळ मोकळं लोंबू द्या आणि गरीचा वाक त्याच्या अंगावर कुठे येतो ते नखाने खुणा करून ठेवा. बरोब्बर त्या खुणेतून टोक आरपार काढा आणि मागच्या बाजूला कातडीत जरासं टेकवून ठेवा, साडीला पिन लावताना टोक आत लपवतो तसं. झाल्यावर हातात धरून बघा. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. जरा जरी कुबड आलं तरी ते पाण्यात गरगर फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. कुबड दिसलं की सरळ काढून परत ओवा, "चालेल" म्हणू नका. टोक असं लपलेलं असलं की हे आमिष बुडालेल्या फांद्यांमधून सहसा न अडकता निघतं.

गाठीत मी एक चांगला मासा घालवला आहे. पहिल्याच वर्षी, एप्रिलमध्ये. मासा लागला, काठी वाकली, आणि एकदम सगळं हलकं. दोरी ओढून पाहिली तर तिचं टोक स्प्रिंगसारखं वळलेलं. दोरी तुटली नव्हती, गाठच सुटली होती. हे वाचायला शिका: टोक वळलेलं असेल तर दोष गाठीचा, खरबरीत पिंजलेलं असेल तर दोरी दगडाला किंवा लाकडाला घासली. मी गाठ कोरडीच आवळली होती. कोरड्या गाठीत घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच कमजोर होते. आता मी प्रत्येक गाठ आवळण्याआधी तोंडात घालून ओली करते. पाहणाऱ्याला किळस येते, येऊ दे.

गाठ एकच शिका, पालोमार. सहा इंच दोरी दुहेरी करा, तो दुहेरी फास गरीच्या नेढ्यातून काढा, फासाची आणि दोरीची एक साधी सैल गाठ मारा, आणि मग फास गरीवरून पलीकडे न्या. ओलं करा, दोन्ही पदर धरून सावकाश ओढा. आमच्या मुलाने आठव्या वर्षी बुटाच्या नाडीवर सराव करून ती शिकली.

दोरीचे तीन प्रकार. साधं नायलॉन म्हणजे मोनो. ते ताणलं जातं, स्वस्त असतं, पाण्यात हळू बुडतं. उन्हाने खराब होतं, म्हणून वर्षाला बदला. फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतं आणि बुडतं, पण ते ताठ असतं आणि रिळावरून उसळतं. तिसरी वेणीची, म्हणजे ब्रेड. ती ताणली जात नाही, त्यामुळे तळाचा प्रत्येक खडा बोटाला कळतो, आणि बळाच्या मानाने फारच बारीक. १५ पाउंडांची, म्हणजे तेवढ्या ताणापर्यंत न तुटणारी वेणी जाडीला साधारण ४ पाउंडांच्या मोनोइतकीच भरते. मी रिळावर १५ पाउंडांची वेणी भरते आणि पुढे सात-आठ फूट १० पाउंडांचं फ्लुओरोकार्बन जोडते. एवढी कटकट नको असेल तर नुसतं १० पाउंडांचं मोनो भरा आणि पहिलं वर्ष मजेत काढा. वेणी भरणार असाल तर रिळाच्या फिरकीवर, म्हणजे दोरी जिच्यावर गुंडाळली जाते तिच्यावर, आधी थोडं मोनो गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत धातूवर सगळी वेणी गरागरा घसरते आणि तुम्ही रिळाला शिव्या देता. फिरकी काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

आता काठी. मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं, ते वाचा. 'पॉवर' म्हणजे काठी किती जोराला वाकते, 'ॲक्शन' म्हणजे कुठून वाकते. 'फास्ट' म्हणजे फक्त शेंडा वाकतो आणि बाकीची ताठ राहते. गांडुळासाठी तीच हवी, कारण प्लॅस्टिक फोडून गरी माशाच्या तोंडात रुतवायची असते. पुढे आमिषाच्या वजनाची मर्यादा असते, समजा १/८ ते ५/८ औंस. तुमचं शिसं आणि गांडूळ मिळून त्या मर्यादेच्या मधोमध यायला हवं. म्हणून म्हटलं, आमिष आधी. साडेसहा-सात फुटांची, मीडियम पॉवरची, फास्ट ॲक्शनची स्पिनिंग काठी पहिल्यांदा पुरे. सेदान गाडी असेल तर दोन तुकड्यांची घ्या. एकाच तुकड्याची घेऊन मी पहिल्या आठवड्यात डिकीच्या झाकणात शेंडा मोडला आहे.

रीळ २५०० आकाराचं स्पिनिंग. ते काठीच्या खाली लटकतं, उजव्या हाताने काठी धरायची आणि डाव्याने रिळाची मूठ फिरवायची. बहुतेक रिळांची मूठ काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. फेकल्यावर दोरी अडवणारी तार हाताने खाली पाडा, मूठ फिरवून नाही. या एवढ्या सवयीने दोरीचा अर्धा गुंता वाचतो. टीव्हीवरच्या स्पर्धांत दिसतात ती बेटकास्टर रिळं, वर बसणारी, अंगठ्याने लगाम धरायची. ती दुसऱ्या वर्षी. अंगठा क्षणभर उशिरा टेकला की दोरीचं चिमणीचं घरटं होतं. झालंच तर कात्री काढू नका. अंगठा फिरकीवर दाबून मूठ दोन-तीन फेरे फिरवा, मग दोरी हळूच ओढा. बहुतेक घरटी सुटतात.

रिळावरचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी किती ताणाला सुटायची तो ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवतात. हे अंदाजाने करायची गरज नाही. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा आपल्या प्रत्येक घरात असतो. दोरी त्याला बांधा, नवऱ्याला किंवा बायकोला तो धरायला सांगा, काठी वाकवून ओढा. १० पाउंडांच्या दोरीला काट्यावर अडीच-तीन पाउंड दिसले की रीळ कुरकुरत दोरी सोडायला लागलं पाहिजे. तितकं घट्ट करा आणि थांबा.

वापरायचं ते असं. फेका, दोरी मोकळी सोडा, शिसं तळाला टेकू द्या. दोरी सैल पडते तेव्हा टेकलं. आता काठी घड्याळात नऊवरून अकरावर न्या, खाली आणा, सैल दोरी गुंडाळा, थांबा. पुन्हा तेच. हळू. वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने. बास गांडूळ बहुधा खाली पडतानाच उचलतो, आणि ते कळणं म्हणजेच खरं गरवणं. कधी बोटाला 'टक्' असं लागतं, दारावर नखाने वाजवावं तसं. कधी काहीच लागत नाही, फक्त दोरी जड होते. कधी दोरी नुसतीच बाजूला सरकायला लागते, वारा नसताना. शंका आली की सैल दोरी गुंडाळा आणि काठी जोरात वर मारा. शंका खोटी निघाली तर काही बिघडत नाही.

बाकीची आमिषं हवीत तितकी पुढे घेता येतील. वाऱ्याच्या दिवशी गढूळ पाण्यात पांढरी स्पिनरबेट, म्हणजे पाण्यात फिरणारं चकाकतं पातं असलेलं आमिष, उन्हाळ्यात उजाडताना पाण्यावर बुडबुडणारा पॉपर. एवढ्यावर माझी तीन वर्षं निघाली. टेक्ससाचा विक्रमी बास १८.१८ पाउंडांचा आहे. १९९२ च्या जानेवारीत लेक फोर्कमध्ये बॅरी सेंट क्लेअर यांना तो लागला, तेव्हा ते बाससाठी बसलेच नव्हते. क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी छोटा जिवंत मासा लावून बसले होते. नवं चकचकीत आमिष घ्यायचा मोह झाला की मला हे आठवतं. तरी कधीकधी घेतेच.

नियमांचं थोडक्यात. सतरा वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं. टेक्ससात सलग सहा महिने राहिलात की रहिवाशाचं, स्वस्तातलं मिळतं. नेहमीचं वार्षिक लायसन्स कधीही घेतलंत तरी ३१ ऑगस्टला संपतं, म्हणून जुलैत घेण्याआधी विचार करा. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून लायसन्सशिवाय गरवता येतं, नवख्यांसाठी उत्तम. ठेवायचा बास सर्वसाधारणपणे १४ इंचांहून लहान चालत नाही, दिवसाला पाच. पण तळ्यागणिक फरक असतो. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावा लागतो. जाण्याआधी त्या तळ्याचा नियम पाहून घ्या. आणि उभं राहण्याआधी पायाखालीही पाहा. गवतात लाल मुंग्यांचं वारूळ असतं, काठाला कधी पाणसाप.

मी बास सोडूनच देते, खायला कॅटफिश आणि क्रॅपी जास्त चांगले. गुहागरच्या आत्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पकडतेस नि सोडतेस? मग गेलीस कशाला गो?"

सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. बासला चावरे दात नसतात, सॅंडपेपरसारखे खरखरीत असतात, म्हणून खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरता येतो. मोठा असेल तर नुसत्या जबड्याने लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली घाला. गरी खोल गेली असेल तर उपसत बसू नका, दोरी कापा. मग पाण्यात धरून ठेवा. कल्ले दोन-चारदा उघडझाप करतात, आणि तुमच्या हाताला शेपटीचा फटका बसतो. तेव्हा सोडा.