अथेन्सचं घुबड घेताना आधी कड पाहा

अथेन्सच्या घुबडाचं चांदीचं टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं प्राचीन नाणं) हे ग्रीक नाण्यांत सर्वाधिक नकला होणाऱ्यांपैकी एक. विकत घेण्याआधी अथेना देवी आणि घुबड ही दोन बाजूंची चित्रं सोडून दहापट भिंगाखाली नाण्याची कड न्याहाळा. अस्सल नाणं ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं, त्यामुळे कडेला बऱ्याचदा बारीक तडे दिसतात. कडेभोवती जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतील, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे असतील, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतील, तर नाणं साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली समजा.

मग वजन. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं चांगलं टेट्राड्रॅक्म साधारण १७.२ ग्रॅम भरतं. १५ ग्रॅम भरलं तर मी तरी हात लावणार नाही. वजन बरोबर आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण हल्लीच्या ठोकीव नकला बऱ्याचदा चांदीच्याच असतात. अशा वेळी जुन्या लिलावांची छायाचित्रं चाळा. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण तडा, ओरखडा आणि कडेचा आकारही तंतोतंत जुळला तर निदान एक नक्कल आहेच. आणि हो, घुबडावरचा छिन्नीचा खोल घाव पाहून दचकू नका. चांदी आतपर्यंत आहे का, हे त्या काळीही असंच तपासत.