मुंबईच्या थंडीत कॅक्टस कसा सांभाळायचा

थंडी आली की लोक व्हिडिओ बघून कॅक्टसचं पाणी थेट फेब्रुवारीपर्यंत बंद करतात, प्लीज असं करू नका. ते सल्ले जिथे रात्री पाच-सात डिग्री होतं तिथले असतात, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही रात्री १६-१८ आणि दुपारी ३० च्या आसपास असतं, त्यात आपल्या कुंड्या एवढ्याशा, माती सुकणारच ना.

तारखा लावून पाणी घालण्यापेक्षा अगरबत्तीची उरलेली काडी घ्या, कडेकडेने तळापर्यंत खुपसा, थोड्या वेळाने काढून बघा. ओली निघाली तर पाणी नको, पूर्ण कोरडी निघाली तरी अजून चार दिवस जाऊ द्या आणि मग सकाळी खालून बाहेर येईल इतकं पोटभर घाला, ताटलीत साचलेलं ओतून टाका. साधारण १५-२० दिवसांनी वेळ येते. चमचा-चमचा पाणी किंवा रोजचा स्प्रे अजिबात नको. नर्सरीतून आणलेला कॅक्टस बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतो, ते वरून खडखडीत आणि आत मुळांपाशी ओलं राहतं, तिथे तर काडीशिवाय कळतच नाही.

आता ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या ग्रिलमध्ये छान ऊन आत येतं, कॅक्टस तिथेच हलवा, पण पावसाळाभर सावलीत होता तर एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू पुढे सरकवा, नाहीतर पांढरट पिवळे चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. बाजूला बांधकाम चालू असेल तर काट्यांवर धूळ बसते, ती मऊ ब्रशने झाडा, आणि तेव्हाच काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसतंय का बघा, ती मिलीबग नावाची कीड, दिसली की ती कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि इअरबडवर स्पिरिट घेऊन एकेक पुसून काढा.

बुंधा खालून तपकिरी झाला की लोक घाबरतात. बोटाने दाबा. लाकडासारखा कडक असेल तर ते वय आहे, काही करू नका. मऊ, ओलसर लागला तर कुजतोय, वरचा चांगला भाग स्वच्छ सुरीने कापा, आतला गाभा अगदी स्वच्छ, डागाशिवाय दिसेपर्यंत कापत जा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि मग कोरड्या रेतीत उभा करा.

खत आता नको, फेब्रुवारीच्या शेवटी अर्ध्या डोसने सुरू करा.

ख्रिसमस कॅक्टस असेल तर वरचं पाण्याचं गणित त्याला लावू नका, तो ब्राझीलच्या दमट जंगलातला, याच दिवसांत फुलतो, माती वरून सुकली की त्याला पाणी द्या आणि रात्री गॅलरीतल्या ट्यूबलाइटपासून लांब ठेवा, लांब अंधारी रात्र मिळाली तरच कळ्या धरतो.